जँगो राइनहार्टचा डावा हात: एका दुखापतीने काय बदललं आणि काय बदललं नाही

१९२८ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी पॅरिसच्या वेशीबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीला, म्हणजे चाकांवरच्या घराला, रात्री आग लागली. आत अठरा वर्षांचा जँगो राइनहार्ट, पुढे जगभर गाजलेला जॅझ गिटारवादक, आणि त्याची बायको बेला होते. बेला विकण्यासाठी सेल्युलॉइडची कृत्रिम फुलं बनवत असे आणि ती गाडीभर रचून ठेवलेली होती. मेणबत्तीची ज्योत त्यांना लागली. सेल्युलॉइड किती झपाट्याने पेटतं हे जुन्या सिनेमाच्या रिळांशी काम केलेल्या माणसाला सांगायला नको. दोघं बाहेर पडले, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात गंभीर भाजला. पाय कापावा लागेल असं डॉक्टरांचं मत होतं, त्याला त्याने नकार दिला. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र जखमा भरताना आकसली आणि तळव्याकडे वळून तशीच राहिली.

या प्रकरणाची गोष्ट बहुतेक वेळा ‘दोन बोटांनी जग जिंकलं’ अशा थाटात सांगितली जाते. तशी सांगितली की ऐकणाऱ्याला गहिवरून येतं, पण वाजवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वाजवणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की हातात उरलं काय, त्याची फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवर, जिथे तारा दाबतात तिथे) मांडणी कशी झाली, आणि त्या आवाजातला कोणता भाग दुखापतीतून आला व कोणता आधीपासूनच होता. आमच्या मते त्या आवाजाचा मोठा हिस्सा डाव्या हातात नाहीच. तो उजव्या हातात आहे, आणि उजव्या हाताला आगीची झळ लागली नव्हती.

आगीपूर्वीचं भांडवल

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० चा, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावाजवळचा, मानूश (रोमा लोकांची एक शाखा) कुटुंबातला. वाढला तो पॅरिसच्या वेशीवरच्या तळांवर. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याला बँजो-गिटार मिळाली. हे वाद्य समजून घेणं महत्त्वाचं आहे. अंग बँजोचं, म्हणजे ताणलेल्या कातड्याचं, पण तारा सहा आणि त्या गिटारसारख्याच लावलेल्या. त्यामुळे पुढे गिटार हातात आली तेव्हा कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे, आकार नव्याने शिकावे लागले नाहीत.

पोरवयातच तो पॅरिसच्या म्युझेत (लोकप्रिय नाचसंगीताच्या) नाचघरांत अॅकॉर्डियनवाल्यांची साथ करू लागला. अॅकॉर्डियन हे भात्याचं दणदणीत वाद्य. शेजारी मायक्रोफोन नाही आणि समोर शंभर पावलं नाचत आहेत, अशा जागी तारवाद्य ऐकू जायचं तर आघात जबर आणि नेमका हवा. रोज रात्री तासन् तास हे केल्यावर उजवं मनगट तयार झालं. १९२८ च्या जूनमध्ये अॅकॉर्डियनवादक जाँ व्हेसादबरोबर त्याची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तीही बँजोवर. इंग्लंडचा नामांकित बँडप्रमुख जॅक हिल्टन त्याला ऐकायला आला आणि त्याने कामही देऊ केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागली.

थोडक्यात, अपघात झाला तो घडलेल्या, बाजारात मागणी असलेल्या वादकाला. बरं व्हायला सुमारे दीड वर्ष गेलं. या काळात भाऊ जोझेफने त्याला गिटार आणून दिली आणि त्याने वादन पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं.

अडचण नेमकी कोणती

गिटारवर सर्वसाधारण शिस्त अशी की चार बोटं चार लगतच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर). हात एका जागी ठेवायचा आणि सप्तक आडवं, तारेवरून तारेवर जात, पूर्ण करायचं. लगतच्या दोन तारांत बहुतेक ठिकाणी पाच फ्रेटचं अंतर असतं, म्हणून चार बोटं आणि जराशी ताण एवढ्यात मधले सगळे स्वर सापडतात. अनामिका आणि करंगळी गेली की ही सोय संपते. तर्जनी आणि मधलं बोट मिळून एका जागी सारखे तीन-चार फ्रेट झाकू शकत नाहीत. त्याच जागी बसून सरगम वाजवायला गेलात तर दर तारेवर एखादा स्वर हातातून निसटतो.

म्हणून जँगोचा हात उभा चालतो, म्हणजे फ्रेटबोर्डच्या लांबीवर. ए मायनर कॉर्डचे स्वर, ए, सी आणि ई, खालून वर नेताना दोन बोटांची वाट अशी पडते: सहाव्या (सगळ्यात जाड) तारेवर ५ आणि ८ वा फ्रेट, पाचव्या तारेवर ७ वा. मग चौथ्या तारेवर ७ आणि १०, तिसऱ्यावर ९. मग दुसऱ्यावर १० आणि १३, पहिलीवर १२, आणि तिथून उडी मारून १७.

हे हातात गिटार घेऊन एकदा करून बघा. तीन स्वरांचा एकच आकार तीनदा येतो, दर वेळी एक सप्तक वर आणि दोन-तीन फ्रेट पुढे. एका तारेवर तर्जनी व मधलं बोट, पुढच्या तारेवर पुन्हा तर्जनी. तिसऱ्या बोटाची गरज कुठेच पडत नाही. सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटपासून निघालेला हात दहा स्वरांत पहिल्या तारेच्या सतराव्यावर, म्हणजे तीन सप्तकं वर पोचतो. जँगोच्या वादनात सुरुवातीलाच खालून वर झेपावणाऱ्या ज्या ताना ऐकू येतात, त्यांचा सांगाडा असा असतो.

शिकणारा अडखळतो तो ताण देण्याच्या नादात. जँगोच्या प्रकारच्या गिटारवर तारेची मोकळी लांबी साधारण ६७ सेंटिमीटर असते. पाचव्या ते आठव्या फ्रेटचं अंतर त्यावर जवळपास ८ सेंटिमीटर येतं. तर्जनी आणि मधल्या बोटात एवढी फाक धरून ठेवायचा हट्ट केला तर मनगट दुखतं आणि लय जाते. इथे बोटं फाकवायची नसतात, अख्खा हात सरकवायचा असतो: तर्जनीने स्वर लावला की हात निघाला, मधलं बोट पोचलं तेव्हा तर्जनी तारेवरून सुटलेली असते. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत अर्ध्या मात्रेचा एक स्वर ०.१५ सेकंदांचा. तेवढ्यात हात हलतो, कारण वर गेलं की अंतर कमी होत जातं. दहाव्या ते तेराव्या फ्रेटमध्ये ते सहा सेंटिमीटरवर येतं.

आणखी दोन गोष्टी याच मर्यादेतून सोप्या झाल्या. एक, क्रोमॅटिक, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या स्वराने जाणारी, धाव: एकच बोट एकाच तारेवर फ्रेटमागून फ्रेट सरकत जातं आणि प्रत्येक स्वराला पिकचा (तार छेडायच्या पातीचा) स्वतंत्र आघात मिळतो. मींडीसारखी ओढ आणि तानेसारखा दाणा, दोन्ही एकदम. दुसरी, डिमिनिश्ड कॉर्डचे स्वर. त्यांच्यात सारखं तीन फ्रेटचं अंतर असतं, त्यामुळे ई सेव्हन कॉर्डच्या जागी पहिल्या तारेवर १, ४, ७, १०, १३ असं एका बोटानेही जाता येतं. जँगो हे स्वर सढळ हाताने वापरतो.

वाकलेली बोटं मेलेली नव्हती

‘दोन बोटं निकामी’ असं म्हणताना एक चूक सर्रास होते. ती दोन बोटं एकल वादनात स्वतंत्रपणे चालत नव्हती हे खरं, पण कॉर्ड धरताना ती पहिल्या दोन तारांवर टेकवता येत होती. वळलेलं बोट पातळ तारांवर आपसूक येतं आणि तिथे दाबून बसतं. शिवाय अंगठा वरून आणून सहावी तार धरायची पद्धत होतीच.

ए मायनर सिक्स हा कॉर्ड घ्या. अंगठा सहाव्या तारेवर ५ व्या फ्रेटला, तर्जनी चौथ्या तारेवर ४ थ्याला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर ५ व्याला, आणि दुसऱ्या व पहिल्या तारेवर ५ व्याच फ्रेटला वळलेली दोन बोटं. पाचवी तार अंगठ्याच्या मांसल भागाने बंद. वाकडी बोटं ज्या दोन जागी बसतात त्या एकाच फ्रेटवर आहेत, त्यामुळे त्यांना वेगवेगळं हलायची गरजच नाही. हाच आकार पाच फ्रेट वर नेला की डी मायनर सिक्स. आणि खाली बासवादकाने डी धरला तर ए मायनर सिक्सच्याच आकारातून डी नाइन ऐकू येतो, कारण स्वर तेच: ए, सी, ई आणि एफ शार्प. एका आकाराला तीन नावं आणि तीन कामं. दुखापत झालेल्या हाताला आकारांची संख्या कमी ठेवणं परवडतं आणि कान तयार असेल तर कमी आकारांतून खूप काही निघतं. सिक्स आणि सिक्स-नाइन कॉर्डचा जो रंग आज ‘जिप्सी जॅझ’चा म्हणून ओळखला जातो, त्याचं एक मूळ हाताच्या या ठेवणीत आहे.

१९३८ साली जँगोच्या क्विंटेटवर, म्हणजे पाच जणांच्या वाद्यवृंदावर, एक छोटी फिल्म काढली गेली. आवाज आणि चित्र जुळलेलं जँगोचं धड म्हणावं असं चित्रण ते एवढंच. त्यात डावा हात जवळून दिसतो. दोन बोटं फ्रेटबोर्डवर पळतात, बाकीची दोन कडेला मुडपलेली, आणि कॉर्ड आला की तीच दोन पुढे येऊन टेकतात. ते पाहिल्यावर दोन बोटं चिकटपट्टीने बांधून सराव करण्याचा उत्साह टिकत नाही. तसं बांधून वाजवणारे हौशी बरेच असतात, आणि त्यांच्या कॉर्डमधून वरचे दोन स्वर गायब असतात.

उजव्या हाताचा नियम

खरं मर्म इथे आहे. मनगट कमानीसारखं उचललेलं, तळवा ब्रिजवर (तारांखालच्या घोडीवर) टेकलेला नाही, करंगळी गिटारवर रोवलेली नाही. पिक खाली मारला की तो हवेत थांबत नाही, पुढच्या तारेवर जाऊन विसावतो. इंग्रजीत याला रेस्ट स्ट्रोक म्हणतात. हाताचं वजन तारेत उतरतं आणि विजेविना आवाज मोठा निघतो.

दुसरा नियम असा की तार बदलली की आघात खालीच, मग आधीचा आघातही खाली असो वा वर. वर सांगितलेली ए मायनरची तान आता या नियमाने वाजवा: ५ खाली, ८ वर, पुढच्या तारेवर ७ खाली. हा खालचा आघात चौथ्या तारेवर येऊन विसावतो, आणि पुढचा स्वर नेमका चौथ्या तारेवरचाच, पुन्हा खाली. म्हणजे खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. डाव्या हाताचा तीन स्वरांचा आकार आणि उजव्या हाताचा तीन आघातांचा आकार तंतोतंत जुळतात. मात्रेला दोन स्वर वाजत असताना तीन-तीनचे गट पडल्याने दोनाशी तीनाची गुंफण तयार होते. तिस्रचा छंद कानात असलेल्याला ती पहिल्या ऐकण्यातच कळेल.

उतरताना हाच नियम जड जातो. पहिल्या तारेवर खाली मारलं की पिक तारांपलीकडे गेलेला असतो. तिथून उचलून दुसऱ्या तारेच्या वरच्या बाजूला आणायचा आणि पुन्हा खाली मारायचा. बहुतेक शिकणारे इथे चोरून वरचा आघात घेतात. लय सांभाळली जाते, पण आवाज निम्म्यावर येतो आणि तानेचा उतार फिका पडतो. उपाय कंटाळवाणा आहे: उतरणारी तान मिनिटाला ६० मात्रांवर, दर तारेला खालच्या आघाताने, आठ-दहा दिवस.

ही आघाताची पद्धत म्युझेतच्या नाचघरांतून आणि बँजोवरून आली. आगीआधी ती त्याच्याकडे होती. चारही बोटं धड असलेले मानूश वादक आज त्याच्या शैलीत वाजवतात आणि आवाज पटतो, कारण त्यांनी हा उजवा हात घेतलेला असतो. उलट, डाव्या हाताच्या दोन बोटांची नक्कल करून मऊ, सरळ मनगटाने वाजवणाऱ्याचा आवाज कधीच तिथे पोचत नाही.

वाद्य आणि त्याची तजवीज

तीसच्या दशकात त्याच्या हाती सेल्मर गिटार आली. १९३२ साली मारिओ माकाफेरीने फ्रान्सच्या सेल्मर कंपनीसाठी हिची रचना केली. आधीच्या गिटारना मोठं ‘डी’ आकाराचं तोंड होतं, नंतरच्यांना लहान लंबगोल. तारा मेंडोलिनसारख्या शेपटीच्या पट्टीत अडकवलेल्या आणि ब्रिज चिकटवलेला नाही, नुसता तारांच्या दाबावर उभा. आवाज कोरडा, पुढे फेकला जाणारा, लवकर विरणारा. एकल वादनाला तो विरण्याचा गुण फार उपयोगी, कारण वेगात एक स्वर दुसऱ्यात मिसळत नाही.

आज अशी गिटार जुळवताना दोन चुका हमखास होतात. पहिली, तारा फ्रेटबोर्डला फार जवळ आणणं. बाराव्या फ्रेटपाशी साधारण तीन मिलिमीटर उंची हवी, नाहीतर जोरकस आघाताला तार फ्रेटवर खडखडते. दुसरी, ब्रॉन्झच्या जाड तारा. या गिटारला चंदेरी मुलाम्याच्या तांब्याने गुंडाळलेल्या, पोलादी गाभ्याच्या हलक्या तारा लागतात, पहिली तार ०.०१० किंवा ०.०११ इंचाची. उंच ब्रिज आणि हलकी तार हे जोडीने चालतं. पिक मात्र जाड आणि न वाकणारा, दोन-तीन मिलिमीटरच्या खाली नको.

ड्रमविना ठेका

१९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात चहापानाच्या नाचाला वाजवणाऱ्या बँडमध्ये जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली दोघे होते. मधल्या सुटीत पडद्यामागे दोघे वाजवत बसत, त्यातून क्विंटेट उभं राहिलं: जँगो, ग्रापेली, साथीच्या गिटारवर भाऊ जोझेफ आणि रोजे शापू, बासवर लुई व्होला. ऑट क्लब द फ्रान्स या रसिकांच्या संस्थेने त्यांना नाव दिलं, आणि डिसेंबर १९३४ मध्ये पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या. पाचही वाद्यं तारांची. ड्रम नाही, पियानो नाही, फुंकवाद्य नाही.

ड्रमचं काम दोन साथीच्या गिटार करतात. या ठेक्याला ला पोंप म्हणतात, म्हणजे पंप. चार मात्रांत पहिली आणि तिसरी खालच्या स्वरांच्या जाड तारांवर जराशी मोकळी, दुसरी आणि चौथी सगळ्या तारांवर, आणि वाजताक्षणी डाव्या हाताची पकड सैल करून आवाज तोडलेला. मात्रेच्या आधी वरच्या दिशेचा एक ओझरता आघात येतो, तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. हा आघात मोठा झाला की ठेका लंगडतो, गाळला की लष्करी होतो. साथ करणारा थकला की दुसरी-चौथी मात्रा लांबायला लागते, आणि एकल वादकाला पाठीमागून कोणी ओढतंय असं वाटतं.

नोव्हेंबर १९३७ मधलं ‘मायनर स्विंग’ ऐकताना एक वेळ एकल वादनाकडे दुर्लक्ष करून फक्त हा ठेका ऐकावा. चीज अगदी साधी, सोळा बारची (चार-चार मात्रांच्या सोळा गटांची), ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन यांच्यावर उभी. सगळं काम आघातातलं.

दुखापतीने जे स्पष्ट होत नाही

हाताची ठेवण समजली तरी जँगो समजला असं होत नाही. १९३१ च्या सुमारास तुलाँमध्ये एमिल साव्हित्री या चित्रकाराने त्याला अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकवल्या. मात्रेच्या किंचित मागे रेंगाळून वाक्य संपवणं आणि एकाच स्वरात पूर्ण भाव मांडणं त्याने तिथून उचललं. ते बोटांचं काम नव्हे.

त्याला स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती. मोठ्या रचना तो वाजवून दाखवी आणि क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेक उतरवून घेई. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा क्विंटेट लंडनमध्ये होतं. ग्रापेली तिथेच थांबला, जँगो पॅरिसला परतला. नाझी रोमा लोकांना छावण्यांत धाडत होते, आणि तो मात्र व्याप्त पॅरिसमध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर होता. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शिरायचा त्याचा प्रयत्न फसला. ‘न्युआज’ याच काळातलं, १९४० चं. त्यात व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आहे आणि चाल उतरत्या अर्धस्वरांवर तरंगते. दोन बोटांची धावपळ तिथे जवळपास नाहीच.

१९४६ मध्ये तो जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेत वाजवायला गेला, स्वतःची गिटार न घेता. उधारीच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलं. कार्नेगी हॉलच्या दुसऱ्या रात्री तो फार उशिरा पोचला. दौरा फसला असं बऱ्याच ठिकाणी म्हटलं जातं. आम्हाला ते अर्धवट वाटतं, कारण तिथून परतल्यावर त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि बीबॉपची (चाळीसच्या दशकातल्या नव्या जॅझची) भाषा मनापासून अंगी बाणवली.

प्रभाव

सर्वांत थेट उदाहरण बर्मिंगहॅमचं. डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या, म्हणजे तारा दाबणाऱ्या, हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची तबकडी ऐकवली. आयोमीने मार्ग मात्र वेगळा काढला: प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावल्या. पुढे ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये त्याने तारा उतरवून सैल केल्या, त्यातून जड, खोल आवाज आला आणि हेवी मेटल नावाचा प्रकार उभा राहिला. जँगोने बोटांचा मार्ग बदलला, आयोमीने तारेचा ताण. दुखापत झालेल्या वादकाने या दोन्हींचा आधी हिशेब करावा: सांधा वळतो पण त्वचा दुखते, अशा वेळी आयोमीची वाट, आणि सांधाच वळत नसेल तर जँगोची.

दुसरा प्रभाव घराण्यासारखा चालतो. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्समधल्या मानूश आणि सिंती (हीही रोमांची शाखा) कुटुंबांत काकाकडून पुतण्याकडे, कागदाविना, हे वादन जातं. आधी वर्षानुवर्षं पोंप, मग एकल वादन. जिथे तो शेवटी राहिला त्या फ्रान्समधल्या साम्वा-स्युर-सेन गावात १९६८ पासून त्याच्या नावाचा महोत्सव भरू लागला.

८ एप्रिल १९५३ ला त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. गिटार इलेक्ट्रिक, पियानोवर तरुण मार्शियाल सोलाल. आवाज गोल आणि लांबणारा, पोंप नाही, मागे ड्रम. महिनाभराने, १६ मे १९५३ ला, मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला, त्रेचाळीसाव्या वर्षी. ही मुद्रणं १९३७ च्या मुद्रणांशेजारी ठेवून ऐकावीत. वाद्य बदललं आहे, साथ बदलली आहे, स्वरांची निवड बदलली आहे. तान मात्र अजून सहाव्या तारेकडून निघून फ्रेटबोर्डच्या लांबीवर वर चढते, आणि प्रत्येक नव्या तारेवर पिक खालीच पडतो.